पिओनीचे पांघरूण

सिमला, १८ ऑक्टोबर १९५५

ती. सौ. सत्यवतीवहिनींस,

चंद्रावतीचा नमस्कार. साष्टांग म्हणत नाही. इथल्या थंडीत माणूस एकदा जमिनीला टेकला की उठवायला दोघे लागतात.

वेगळे पार्सल पाठवले आहे. त्यात माझ्या बागेतली मुळे आहेत: पिओनी, डेल्फिनियम आणि फ्लॉक्स. ही कणखर, वर्षानुवर्षे टिकणारी झाडे. हिवाळ्यात वरून पार मरतात, मुळाशी जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा उठतात. आमच्या यांची एप्रिलमध्ये बदली होण्याचा रंग दिसतो. म्हणजे हा सरकारी बंगला सुटणार, आणि येणाऱ्या साहेबाच्या बायकोला म्हणे फुलांपेक्षा कोंबड्यांचा षोक आहे. इतक्या वर्षांची बाग कोंबड्यांच्या नखांखाली देऊन मी जाणार नाही.

माहेरच्या परसात विहिरीकडे जो पट्टा आहे, तो मला या झाडांसाठी हवा. तिथे तुम्ही अळू लावले आहे हे ठाऊक आहे. अळू काढावे. एवीतेवी पनवेलीत बाग म्हणजे जिची भाजी होते ती. जे खाता येत नाही ते आपल्याकडे देवाला घालतात आणि मोकळे होतात. पिओनीच्या मुळाला लाल डोळे असतात, ते मातीखाली दोन बोटेच जावेत. खोल गेले तर जन्मात फूल येत नाही. हे दादाला सांगू नका, तो मान हलवील आणि विसरेल. तुम्ही स्वतः पाहा.

मी येईन तेव्हा ती मला जिवंत दिसली पाहिजेत. बाकी काही मागत नाही.

आपली,
चंद्रावती


पनवेल, ५ नोव्हेंबर १९५५

सौ. चंदावन्सं यांस सप्रेम नमस्कार.

पार्सल पोहोचले. पोस्टमनने ते दोन बोटांत धरून अंगापासून लांब ठेवले होते. आत काहीतरी मेलेले आहे अशी त्याची समजूत. उघडल्यावर माझीही तीच झाली. तुमच्या बंधुराजांनी पेपरातून मान वर करून "शिंगाडे का?" एवढे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते पुन्हा पेपरातल्या दिल्लीस गेले. काशिराम आला होता, तोच, पावसाळ्यात आपला भात लावतो तो. त्याने एक मूळ हुंगले. "बाय, ही सुरनाची पिला हायत का? खाजतील हां." तुमच्या बागेविषयी पनवेलकरांचे मत हे असे आहे.

माझ्या वडिलांनी माझ्याकडून संस्कृत कोश पाठ करून घेतला होता. त्यात वनस्पती शेकड्यांनी आहेत, पिओनी नाही. तेव्हा शास्त्राचा आधार सोडून नुसत्या तर्काने विचार केला. आपला पूर्वपक्ष असा की, हे झाड वरून मरते आणि मुळाशी जिवंत राहते, म्हणून ते थोर. उत्तरपक्ष: हळद हेच करते. सुरण हेच करतो. आले हेच करते. पण हळदीने त्याबद्दल अजून कोणाला सिमल्याहून पत्र लिहायला लावलेले नाही. राहता राहिले वर्षभर झोपून पंधरा दिवस मिरवणे. तो गुण मी तुमच्या माहेरच्या पुरुषांत पाहिला होता, झाडांत प्रथमच पाहते.

अळू काढले. ज्या अळूने या घरातली सगळी लग्ने आणि सगळी श्राद्धे निभावली, त्याला उपटताना काशिरामनेसुद्धा आधी हात जोडले. तुमची मुळे दोन बोटे खोल लावली, बोटे माझी. न्हाणीचे पाणी त्याच पट्ट्यात उतरते, म्हणजे साहेबी फुलांना यापुढे रोज तुमच्या दादांच्या आंघोळीचे तीर्थ मिळेल. ते मानवेल की नाही याची हमी मी घेत नाही.

आपली,
सत्यवती


सिमला, २१ नोव्हेंबर १९५५

ती. सौ. वहिनींस नमस्कार.

अळू काढल्याबद्दल आभार मानणार होते, पण पत्राच्या शेवटापर्यंत ते शिल्लक राहिले नाहीत. हळद हे झाड नव्हे, वहिनी, मसाला आहे.

आता हिवाळ्यातले नीट वाचा, आणि एकदा तरी उत्तरपक्ष न करता करा. दांडे सुकले की वीतभर ठेवून बाकीचे छाटायचे. छाटलेले तिथेच टाकायचे नाही, रोग धरतो. जमीन गोठली की वरून पांघरूण घालायचे: वाळली पाने, गवत, कुजके शेण. डोळ्यांवर शेण येऊ द्यायचे नाही, आणि दाबायचे नाही.

तुम्हाला वाटेल पांघरूण उबेसाठी. तसे नसते. हिवाळ्यात मध्येच चार दिवस ऊन पडले तर झाडाला वाटते वसंत आला. ते उठते, कोंब काढते, आणि मागून येणाऱ्या थंडीत मरते. त्याची झोप मोडू नये म्हणून ते पांघरूण. होळीनंतर थोडेथोडे काढायचे, एकदम नाही. ज्या गावात हिवाळा म्हणजे रात्री पंखा बंद करणे, त्या गावात हे कोणाला समजावे असा माझा आग्रह नाही. समजू नका, नुसते करा.

यांना जरा खोकला आहे. हवा बदलली की जाईल.

चंद्रावती


पनवेल, १८ डिसेंबर १९५५

सौ. चंदावन्सं यांस सप्रेम नमस्कार.

"जमीन गोठली की" असे आपण लिहिता. मी पहाटे विहिरीच्या काठाशी जाऊन पाहत होते. इथे गोठले ते फक्त खोबरेल, तेही बाटलीच्या तोंडाशी बोटभर, आणि उन्हे अंगणात आली तसे तेही शुद्धीवर आले. शेवटी जमीन गोठली असे मानून घेतले. आपल्याकडे मानून घेण्यावर पुष्कळ मोठमोठी कामे होतात.

आज्ञेप्रमाणे छाटले आणि पांघरूण घातले. आधी शेणखत, डोळ्यांपासून सोवळ्याने दूर. त्यावर फणसाची आणि आंब्याची वाळली पाने. त्यावर पेंढा. वाऱ्याने उडून शेजारी वेणूताईंच्या ओटीवर जाऊ नये म्हणून वरून माती भुरभुरली. वेणूताईंनी कुंपणावरून पाहिलेच. "काय पुरलंत हो?" म्हटले, नणंदेचा मान. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा जागेत मावला?" तुम्हाला त्या अजून ओळखतात.

आता मनातले लिहिते. दिल्लीत मुलींना बापाच्या घरात वाटा देण्याचा कायदा होऊ घातला आहे. तुमचे बंधुराज तो रोज मोठ्याने वाचतात, जणू तो मी नाही ऐकायचा तर कोणी. कायद्याच्या आधी तुमची मुळे येऊन पोहोचली. आधी झाड, मग कुंपण, मग मोजणीवाला, हा क्रम शाळेत मुलींना संस्कृत शिकवणाऱ्या बाईलाही कळतो. मामंजी जाऊन बारा वर्षे झाली आणि अजून त्यांच्या परसावर कोणी बोट ठेवले नव्हते. वाटा हवा असेल तर तोंडाने मागा. झाडांच्या आडून मागणे आपल्याला शोभत नाही, आणि झाडांना तर नाहीच. ती बापडी झोपलेली.

आपली,
सत्यवती


सिमला, २ फेब्रुवारी १९५६

सौ. वहिनींस,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. महिना पाळले.

वाटा नको. विहिरीकडचा नको, ओटीचा नको, उंबऱ्याचासुद्धा नको. तुमची शंका वाचून मला राग आला नाही, हसू आले. माझ्याबद्दल तुमचे मत एवढे मोठे असेल असे वाटले नव्हते. मोजणीवाला आणण्याइतके बळ माझ्यात आहे असे तुम्हाला वाटते तर.

यांची बदली होणार नाही. यांना खात्याने घरी बसवले आहे. खोकला नव्हे, छाती आहे. दिवाळीत दोनदा रात्र बसून काढावी लागली. डॉक्टर म्हणतात, ही उंची आणि ही थंडी सोडा, समुद्रसपाटीला उतरा, नाहीतर पुढचा हिवाळा यांना सोसणार नाही. एप्रिलअखेर बंगला खाली करायचा आहे. यांनी सारी नोकरी डोंगरात काढली. खाली आम्हाला घर नाही, ओळख नाही, आणि माहेर सोडून कोणी नाही.

माणसांसाठी जागा मागायला तोंड होईना. म्हणून आधी झाडांसाठी मागितली. म्हटले, झाडांना हातभर जागा मिळाली आणि ती तिथे जगली, तर माणसांचे विचारू. नाहीच जगली, तर विचारायची वेळच येणार नाही. तुम्ही अळू उपटले असे वाचले तेव्हा विचारणारच होते. मग तुमचे ते डिसेंबरचे पत्र आले.

आता एवढेच कळवा की माझी झाडे जिवंत आहेत ना.

चंद्रावती


पनवेल, २६ फेब्रुवारी १९५६

प्रिय चंदावन्सं यांस सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. वाचून फार वाईट वाटले. भाऊजींच्या प्रकृतीस आराम पडो अशी ईश्वरचरणी प्रार्थना आहे. माझ्या मागील पत्राने आपले मन दुखावले असल्यास क्षमा असावी.

आपली झाडे उत्तम आहेत. झोपली आहेत. काळजी नसावी. इकडे सर्व क्षेम. हवा छान आहे. आपण फार थकला असाल, तर विश्रांती घ्यावी.

आपली स्नेहांकित,
सत्यवती


सिमला, ७ मार्च १९५६

वहिनी,

काय झाले आहे?

तुमचे पत्र मी यांना वाचून दाखवले. यांनी डोळे मिटूनच विचारले, "हे कोणाचं पत्र?" म्हटले वहिनींचे. "छे," म्हणाले, "त्या असं लिहीत नाहीत. पुन्हा बघ, खाली नाव कोणाचं आहे." लग्नाला इतकी वर्षे झाली, तुम्ही मला एकदा तरी "प्रिय" म्हटले आहे का? "छान" तर तुम्ही दादाच्या मुंजीचा फोटो बघूनही म्हणणार नाही. अख्ख्या पत्रात एक टोमणा नाही. मला धडकी भरली.

दादा बरा आहे ना? की मला येऊ नका म्हणायचे आहे आणि शब्द सापडत नाहीत? तसे असेल तर शोधत बसू नका. सरळ नाही म्हणा. तुमच्या तोंडून नाही ऐकायची मला सवय आहे, गोड ऐकायची नाही.

चंद्रावती


पनवेल, १५ मार्च १९५६

सौ. चंदावन्सं यांस नमस्कार. प्रिय मागे घेतले आहे.

तुमचे दादा ठणठणीत आहेत. पेपर वाचायला माणसाला जेवढी प्रकृती लागते तेवढी त्यांना आहे. झाडे मात्र जळली.

सुकली नाहीत, कुजली नाहीत, जळली. पेटवली. आता सांगते, आणि मध्ये बोलू नका.

तुमचे छातीचे पत्र आले त्या दिवशी ते मी शाळेत नेले आणि मधल्या सुट्टीत वाचले. पुढच्या तासाला मुली माझ्याकडे बघत बसल्या आणि मी फळ्याकडे. घरी येताना काय लिहायचे ते मनाशी ठरवत होते. पहिले वाक्य चांगले जमले होते. तळ्याजवळ आले तर आपल्या परसातून धूर. वेणूताई नाकाला पदर लावून उभ्या. आणि विहिरीच्या काठावर काशिराम उकिडवा बसलेला, कपाळाला काजळी, चेहऱ्यावर जिलबीच्या पंगतीचे समाधान.

"बाय, राब पेटवून दिला," म्हणाला.

तुम्ही इतकी वर्षे डोंगरात राहिलात, राब विसरला असाल. भाताची रोपे करायच्या जागी उन्हाळ्यात शेण पसरायचे, त्यावर पाला, त्यावर पेंढा, उडू नये म्हणून वर माती, आणि सगळे जाळायचे. आपल्या कुलाबा जिल्ह्यात शेतोशेती या दिवसांत हेच चालू असते. आता माझे डिसेंबरचे पत्र काढून बघा. शेण, पाला, पेंढा, माती. मी नेमका राबच रचला होता, क्रमसुद्धा बरोबर. मी रोज राबाच्या धुरातून शाळेत जाते, माझ्या मेलीच्या तरी ध्यानात यावे की नाही? पण मी सिमल्याची पोथी वाचत होते ना.

"काशिराम, अरे विहिरीवर भात कोण लावतो?"

"त्योच इचार मी बी केला, बाय. पन मनात बोललो, शिकल्याली मान्सा, कायतरी नवीन असल. येवरा बेस राब रचलाव, आन पेटवाला कोन नाय. दादा त पेपरान. आन बाया मान्सा आगीला भितान. म्हून मीच पेटविला. आता रोपा बगा कशी येतान ती!"

"त्याच्याखाली झाडं होती रे."

"झारा? कंची? मना त एक पान दिसला नाय."

"झोपली होती."

त्याने काठीने राख चाळवून पाहिली. मग म्हणाला, "झोपल्याली मानसा हायत तर निदान दारावर कोनी त सांगावा, बाय." यावर उत्तरपक्ष करण्याऐवजी मी खुरपे आणले. तुमचे बंधुराज तेवढ्यात बाहेर आले आणि "आज थंडी कमी वाटते" असे म्हणून परत गेले. तुमच्या माहेरात पुरुष जपून ठेवायची पद्धत आहे, जाळायची नाही, हे त्यांचे नशीब.

सगळे उकरून पाहिले. डेल्फिनियमची राख. फ्लॉक्सची राख. पिओनी आतपर्यंत भाजलेली, रताळ्यासारखी. हातभर खोल लावली असती तर वाचती. दोन बोटे म्हणालात, दोनच बोटे लावली. आयुष्यात एकदा तुमचे शब्दशः ऐकले, त्याचे हे फळ.

एका हातात तुमचे पत्र, झाडे जगली तर माणसांचे विचारीन म्हणणारे, आणि समोर ही राख. यातून तुम्ही काय अर्थ काढाल ते मला दिसत होते. झाडे पेटवून नणंदेला नाही म्हटले, असेच ना? म्हणून गोड लिहिले. म्हटले, एकदा घरात आलात की मग सांगू. पण गोड लिहायला सराव लागतो. भाऊजींनी ओळखले, म्हणजे छाती अधू असली तरी डोके शाबूत आहे.

परीक्षा तुम्ही झाडांची घेतलीत, ती नापास झाली. ती तुमच्याकडची होती, माझ्याकडची नव्हे. माणसांची परीक्षा मी घेत नाही. या.

सत्यवती


सिमला, २५ मार्च १९५६

ती. सौ. वहिनींस साष्टांग नमस्कार.

पत्र यांना वाचून दाखवले. रताळ्यापाशी आल्यावर हे इतके हसले की डॉक्टरने दिलेली गोळी जिभेखाली ठेवावी लागली. गोळी ठेवून पुन्हा हसले. दिवाळीपासून या घरात तो आवाज झाला नव्हता. मी आत जाऊन डोळे पुसून आले. पिओनीसाठी पुसले असे समजा, मला हरकत नाही.

एक कबूल करते. पनवेलीत ती फुलणार नव्हतीच. तिला कडाका लागतो. कडाक्यात महिनोन् महिने निजल्याशिवाय पिओनी कळी धरत नाही, हे मला ठाऊक होते. तरी पाठवली. आपल्या हाताने लावलेले दुसऱ्याच्या कोंबड्यांना देववेना, आणि कोणाकडे ठेवावे असे दुसरे दारही आठवेना. काशिरामला रागावू नका.

आम्ही एप्रिलअखेर निघतो. ओझे करायचे नाही असे दोघांनी ठरवले आहे. पाहुण्यासारखे राहू. जास्तीत जास्त दोन महिने, तोवर गावात दोन खोल्या बघू. यांचे पथ्याचे मी वेगळे करीन, चूल वेगळी मांडीन, तुमच्या कशात हात घालणार नाही. तुम्हाला आमचा आवाजसुद्धा येणार नाही.

आपली,
चंद्रावती


पनवेल, २ एप्रिल १९५६

सौ. चंदावन्सं,

तुमचे पत्र वाचून मी ते तुमच्या दादांना दिले. त्यांनी पेपर खाली ठेवून वाचले, आणि पेपर खाली ठेवला ही बातमी मी वेणूताईंनाही सांगितली. वाचून म्हणाले, "दोन महिने? मग कुठे जाणार?" इतकी वर्षे मी या माणसाला उगाच बोलत आले असे क्षणभर वाटले. क्षणभरच.

आता माझे ऐका. पाहुण्यासारखे राहायचे असेल तर येऊ नका. पाहुणी आली की मला सकाळपासून हसतमुख राहावे लागते, "घ्या ना, लाजू नका" म्हणावे लागते, तिने आमटी खारट केली तरी छान झाली म्हणावे लागते. असे दोन महिने केले तर भाऊजींच्या आधी मी जाईन. वेगळी चूल मांडलीत तर मी स्वतः त्यावर पाणी ओतीन. आवाज येणार नाही म्हणता, तर मग मी दिवसभर कोणाला उत्तर देऊ? तुमच्या दादांना?

ओटीलगतची खोली झाडून चुना मारून घेतली आहे. पायरी नाही, दम लागणार नाही. पलंग खिडकीशी लावला. तुम्हाला तो दुसऱ्या भिंतीशी हवा असणार हे मला माहीत आहे, म्हणूनच खिडकीशी लावला. येऊन हलवा. मी पुन्हा जागेवर आणीन.

सत्यवती